आजोबा, हुकूम बोला!

नातवंडांशी पत्ते खेळताना मुद्दाम हरू नये. हे आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेक आजी-आजोबा इथेच घसरतात. हातात एक्का असताना आजोबांनी नव्वी टाकली, हे डाव संपताना सहा वर्षांच्या पोरालाही दिसतं. मग जिंकल्याचा आनंद राहतो बाजूला आणि आपल्याला लिंबूटिंबू धरलं याचा राग येतो. तो यायलाच हवा. एरवी घरात दिवसभर त्याला लिंबूटिंबूच धरतात. कधी जेवायचं, कधी झोपायचं, कुठला शर्ट घालायचा, सगळं दुसरेच ठरवतात. आमचंही हल्ली फारसं वेगळं नाही.

क्रिकेटमध्ये आम्हाला रनर मिळतो. कॅरममध्ये बोट थरथरलं तर स्ट्रायकर पुन्हा मारू देतात. पत्त्यांत मात्र सत्तरीच्या माणसाला आणि सात वर्षांच्या पोराला सारखीच दहा पानं मिळतात आणि वयाची सवलत कोणालाच नसते. इतका समसमान कारभार घरात दुसरा नाही. टीव्हीच्या रिमोटचासुद्धा नाही.

सवलत द्यायचीच असेल तर डाव सुरू होण्याआधी, उघडपणे आणि सर्वांसमक्ष द्यावी. नवख्या पोराला घेऊन पहिले तीन डाव सगळ्यांनी पानं उघडी मांडून खेळावेत. कोणतं पान का टाकलं ते मोठ्यांनी बोलत जावं. पाच-तीन-दोनमध्ये हुकूम, म्हणजे बाकीच्यांना कापणारा रंग, पहिल्या पाच पानांवर बोलायचा असतो. लहान भिडूला आठवडाभर दहाही पानं बघून बोलू द्यावा. मेंढीकोटात त्याला घरातला सगळ्यात पक्का खेळाडू भिडू म्हणून द्यावा. एकदा हे ठरलं की मग दयामाया नाही.

कोणत्या वयाला कोणता डाव, हा प्रश्न हाताच्या पंजाच्या मापाने सोडवावा. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात तेरा पानं पंख्यासारखी उघडत नाहीत, ती सांडतात. त्याला भिकार-सावकार द्यावा. गड्डी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, आळीपाळीने वरचं पान उघडून मध्ये टाकायचं आणि आधीच्या पानाशी आकडा जुळला की सगळा ढीग आपला. यात अक्कल अजिबात लागत नाही, म्हणून आजोबा खरोखर हरू शकतात. त्यानंतर गुलामचोर. चारातला एक गुलाम काढून ठेवायचा, ५१ पानं वाटायची, जोड्या जमल्या की खाली टाकायच्या आणि शेजाऱ्याच्या हातातलं एकेक पान न बघता ओढायचं. शेवटी ज्याच्याकडे बिनजोडीचा गुलाम उरतो तो चोर. पोरं गुलाम हातात आला की दोन गोष्टी करतात: एक तर ते पान इतर पानांपेक्षा अर्धा इंच वर धरतात, नाहीतर त्याच्याकडे टक लावून बघत बसतात. हे त्यांना सांगू नये. आठवड्याभरात ती साधं पान वर धरून तुम्हाला फसवायला लागतील, आणि तोच खरा अभ्यासक्रम आहे.

सहा-सात वर्षांचं मूल बदाम सातला तयार होतं. बावन्न पानं सगळ्यांत वाटायची. पाच जण असतील तर दोघांना अकरा आणि तिघांना दहा येतात, आणि ‘त्याला एक कमी का?’ हे भांडण इथेच सुरू होतं. उत्तर एकच: पुढच्या डावाला वाटणारा बदलतो, म्हणून जास्तीची पानंही फिरतात. बदाम सत्ती ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, मग सत्तीच्या वर राजापर्यंत आणि खाली एक्क्यापर्यंत लावत जायचं. मुलं दिसेल ते पान लावून मोकळी होतात. शिकवायची गोष्ट एवढीच की आपल्याकडे ज्या बाजूचा एक्का, दुर्री किंवा राजा, राणी अडकलेली आहे, ती बाजू आधी मोकळी करायची. ज्या बाजूला आपलं काहीच नाही तिथली छक्की किंवा अठ्ठी शक्य तितकी दाबून ठेवायची. घरातली सगळ्यात गोड, सगळ्यात सोशिक बाई बदाम सातमध्ये किलवरची छक्की किती निर्विकार चेहऱ्याने दाबते, हे नव्या सुनेने आणि जावयाने एकदा तरी बघावं. लावता येईल असं पान असताना ‘पास’ म्हणायचं नाही, हा नियम मात्र आधीच ठरवून घ्यावा. नंतर ठरवायला गेलं तर प्रत्येकाच्या आजोळचा नियम वेगळा निघतो.

पण सुट्टीतला खरा डाव पाच-तीन-दोन. तीनच माणसं लागतात, आणि आई-बाप कामावर गेल्यावर दुपारी घरात बहुधा तितकीच असतात. आजी, आजोबा, नातू. पानं ३०: एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही रंगांची २८, शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. आधी पाच-पाच वाटायची, मग हुकूम बोलायचा, मग उरलेली पाच-पाच. काही घरांत ती तीन आणि दोन अशी वाटतात, त्याने काही बिघडत नाही. एका फेरीतली सगळ्यांची पानं जिंकली की एक हात; हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. आणि दर डावाला ही जबाबदारी फिरते. एकूण हात दहाच, त्यामुळे एकाचे वाढले की दुसऱ्याचे कमी होणारच.

हुकूम कशावर बोलावा? पाच पानांत एका रंगाची तीन आली तर विचार करायचं कारण नाही. दोन-दोन आली तर ज्यात एक्का किंवा राजा आहे तो रंग. पण बदाम आणि इस्पिक यांची पानं आठ आहेत, किलवर आणि चौकट यांची सातच. म्हणजे बदाम हुकूम केला तर तुमच्याविरुद्ध एक हुकमाचं पान जास्त असू शकतं. दोन रंग तोलामोलाचे असतील तर किलवर किंवा चौकट बोलावं. हे बारीक गणित बऱ्याच मोठ्यांनाही सुचत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एकदा सांगून बघा, ती जन्मभर विसरणार नाही.

दुसरी गोष्ट एक्क्यांची. पोरं एक्का शेवटपर्यंत सांभाळून ठेवतात, कारण तो मोठा आहे. आणि नेमका तोच कापला जातो. एका रंगाची पानं सात-आठ, माणसं तीन. म्हणजे प्रत्येकाकडे सरासरी अडीचच्या आसपास. पहिल्या फेरीत सगळ्यांकडे त्या रंगाचं पान असण्याची शक्यता चांगली असते, दुसऱ्या फेरीत कोणीतरी संपलेला असतो आणि हुकूम मारून मोकळा होतो. म्हणून हुकमाचा नसलेला एक्का लवकर खेळावा. राजाची हमी कोणीच देऊ नये.

आणि मग या डावाची खरी मजा: ओढणं. मागच्या डावात ज्याचे हात जास्त झाले, तो पुढच्या डावात ज्याचे कमी पडले त्याची पानं ओढतो. एका हाताला एक पान, न बघता. बदल्यात आपल्याला नको असलेलं पान त्याला द्यायचं. म्हणजे हरणारा पुढच्या डावात आणखी दुबळा होतो. हा नियम ज्याने केला त्याला समाज नीट कळला होता. नातवाचा इस्पिक एक्का ओढला गेला आणि हातात किलवरची अठ्ठी आली की त्याचा चेहरा बघवत नाही, पण बघावा. पुढच्याच डावात तो आजोबांचा राजा ओढतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर माया वगैरे काही नसते. ओढणं हुकूम बोलण्याआधी की नंतर, ओढलेलं पानच परत देता येतं की नाही, हे घरागणिक बदलतं. पहिलं पान वाटण्याआधी स्पष्ट बोलून घ्यावं, कारण नंतर या प्रश्नावर आजी आणि आजोबा यांच्यातच एकमत होत नाही.

तीस पानं काढली की बावीस उरतात. ती डब्यात टाकून देऊ नयेत, त्यांचे दोन उपयोग आहेत. एक म्हणजे हुकमाची खूण. कान जरा जड झालेले असले तरी ‘किलवर’ आणि ‘इस्पिक’ यांत घोटाळा होत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या हाताला ‘हुकूम काय होता रे?’ हे होतंच. शिल्लक पानांतली हुकमाच्या रंगाची दुर्री पाण्याच्या तांब्याला टेकवून उभी करावी. प्रश्न संपतो आणि नातवाचं ‘आजोबा, किती वेळा सांगू!’ हेही वाचतं. दुसरा उपयोग धाकट्या भावंडासाठी. जे अजून खेळात घेण्याएवढं मोठं नाही त्याला ही पानं बंगला बांधायला द्यावीत. तीन मजली बंगल्याला १५ पत्ते लागतात: खाली तीन जोड्या, त्यावर दोन आडवे, मग दोन जोड्या, एक आडवा, वर एक जोडी. चार मजल्यांना २६ लागतात, म्हणजे चार कमी पडतात, आणि ते मागायला तो बरोब्बर हातातोंडाशी आलेल्या डावात येतो. बंगला फरशीवर उभा राहत नाही, सतरंजीवर राहतो. पंखा बंद हवा. आणि नव्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पत्त्यांपेक्षा जुने, कडा झिजलेले कागदी पत्ते हजारपटीने बरे.

पत्ते विकत घेताना दोन मापं मिळतात. दोन्हींची उंची ८८ मिलिमीटर, पण पोकरच्या मापाचे ६३ मिलिमीटर रुंद आणि ब्रिजच्या मापाचे ५७. हा सहा मिलिमीटरचा फरक दुकानात कोणी सांगत नाही, पण छोट्या पंजाला आणि संधिवाताच्या बोटांना तेरा पानं धरताना तोच उपयोगी पडतो. अरुंदच घ्यावेत. कोपऱ्यात मोठा आकडा छापलेलेही मिळतात. ‘म्हाताऱ्यांचे पत्ते’ म्हणून नाक मुरडू नये, लहान मुलांनाही तेच सोयीचे पडतात. कागदी पत्ते चिकटायला लागले की सगळी गड्डी कागदाच्या पिशवीत घालून चिमूटभर टाल्कम पावडर टाकावी, हलवावी आणि कोरड्या फडक्याने एकेक पुसावा. प्लॅस्टिकच्या पत्त्यांना ओलं फडकं चालतं. मे महिन्यात एक नियम कडक हवा: आंबा खाऊन हात धुतल्याशिवाय पानाला हात नाही. हापूसचा डाग पडलेला बदाम राजा पाठीवरूनसुद्धा ओळखू येतो, आणि तो कोणाकडे आहे हे सगळ्या खोलीला कळतं. खेळताना खायला भाजलेले शेंगदाणे ठेवावेत. तेलकट चिवडा शत्रूच्या घरी.

गड्डीतलं एखादं पान हरवणार हे धरूनच चालावं. ते कपाटाखाली किंवा कूलरमागे असतं आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडतं. तोपर्यंत जोकरवर बॉलपेनने ‘चौकट तिर्री’ लिहायची पद्धत सर्वत्र आहे. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे गड्डीची बदली. हरवलेलं पान दुर्री ते छक्कीतलं असेल, तर ती गड्डी कायमची पाच-तीन-दोनसाठी ठेवावी, तिथे ही पानं लागतच नाहीत. गुलाम हरवला असेल तर आनंदच. ती गड्डी गुलामचोरची. दश्शी हरवली तर मात्र मेंढीकोट बंद, कारण जोकरवर लिहिलेली दश्शी कोणाच्या हातात आहे ते लपत नाही.

पिसणं हा वेगळा विषय. १९९२ साली डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवून दिलं की गड्डीचे दोन भाग करून एकमेकांत फर्रर्र करत मिसळायची पद्धत वापरली, तर बावन्न पानं नीट मिसळायला सातेक वेळा पिसावं लागतं. आपल्याकडे हातावरच्या हातावर वरखाली करत पिसतात, त्याने पानं फार सावकाश मिसळतात. मेंढीकोटात तर हात गोळा करताना एकाच रंगाची चार-चार पानं एकत्र बसलेली असतात. दोनदा वरवर पिसून पाच-चार-चार अशी वाटली की एकाच्या हातात आठ इस्पिक जातात आणि लोक नशिबाला दोष देतात. लहान मुलांना पिसता येत नाही म्हणून रडवू नये. सगळी पानं सतरंजीवर उलटी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवू द्यावीत. मिसळतातही उत्तम, आणि त्यांना हे खेळापेक्षा जास्त आवडतं.

चौथा माणूस मिळाला की मेंढीकोट. दोघं-दोघं समोरासमोर भिडू, तेरा-तेरा पानं, आणि सगळं लक्ष चार दश्श्यांवर. तीन किंवा चार दश्श्या ज्यांच्याकडे ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले. चारही दश्श्या एका बाजूला गेल्या की कोट. हुकूम ठरवायच्या दोन पद्धती. बंद हुकमात एक जण पान उलटं झाकून ठेवतो आणि ज्याच्याकडे उतारीचं, म्हणजे त्या फेरीत पहिल्यांदा टाकलेल्या रंगाचं, पान नसेल तो ‘हुकूम उघडा’ म्हणतो. कट हुकमात आधी काही ठरत नाही; ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचं पान नसेल, तो जे टाकेल तो हुकूम. मुलांबरोबर कट हुकूमच खेळावा, निदान पहिल्या सुट्टीत. झाकलेलं पान कोणतं होतं यावरून होणारी भांडणं टळतात. शिवाय हुशार पोर आठवड्याभरात स्वतःच शोधून काढतं की एकुलतं एक चौकट पान आधी काढून टाकलं तर पुढच्या चौकटच्या उतारीला हुकूम आपण करू शकतो.

मुलांची ठरलेली चूक अशी: भिडूचा एक्का पडलेला आहे, हात आपलाच आहे, हातात त्याच रंगाची दश्शी आहे, आणि पोर तिर्री टाकतं. कारण दश्शी मौल्यवान, ती जपली पाहिजे. मग ती दश्शी दोन फेऱ्यांनी शत्रूच्या राजाखाली जाते. मौल्यवान वस्तू भिडूच्या हवाली करायची असते हे समजावून सांगता येत नाही. दोन-तीन दश्श्या अशा गेल्यावर आपोआप कळतं.

भिडूंच्या जोड्या लावताना नवरा-बायकोला एका बाजूला बसवू नये. तरुण जोडपं असेल तर संध्याकाळपर्यंत अबोला येतो. म्हातारं असेल तर बाकीच्यांवर अन्याय होतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर खुणा करायची गरजच उरत नाही. आजोबांनी पान टाकताना घसा कसा खाकरला, यावरून आजीला त्यांच्याकडे किती बदाम आहेत हे समजतं. त्यामुळे आजी-नातू एका बाजूला आणि आजोबा-नात दुसऱ्या बाजूला, ही जोडी सर्वांत भांडखोर आणि सर्वांत न्याय्य. विहीणबाई आल्या असतील तर त्यांना विरुद्ध बाजूला बसवावं की आपल्या, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

बसायच्या जागेचंही शास्त्र आहे. गुडघ्यांमुळे आम्ही खुर्चीत, आणि पोरं खाली सतरंजीवर, असं बसलं की पोरांची सगळी पानं वरून दिसतात. न बघायचं म्हटलं तरी दिसतात. ही फसवणूकच. एक तर सगळे डायनिंग टेबलाला, नाहीतर सगळे खाटेवर. पाठीमागे काचेचं शोकेस किंवा रात्रीची काळी खिडकी असेल तिथे बसू नये. समोरच्याला आरशात बघावीत तशी पानं दिसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर पिवळ्या मंद दिव्यात बदाम आणि चौकट सारखेच दिसतात. पांढरा दिवा डोक्यावर हवा. बोटांत पानं धरवत नसतील तर लाकडाच्या पट्टीला सुताराकडून तिरकी खाच पाडून घ्यावी, पानं त्यात उभी राहतात. तोवर कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवला तरी त्याच्या केसांत पानं छान उभी राहतात. धुऊन वाळवलेला मात्र हवा.

आता रडीचा डाव. हरायला आलं की मुलं पानं विस्कटतात, ‘मला खेळायचंच नाही’ म्हणतात, किंवा रंगाचं पान असून दुसरंच टाकतात. तिन्हींना वेगवेगळी वागणूक हवी. पानं विस्कटली तर डाव त्याच्या नावावर हरलेला लिहायचा आणि शांतपणे पुढचा वाटायचा. समजूत घालायला गेलं की ते अस्त्र बनतं. रुसून गेला तर जाऊ द्यावं. झब्बूचा डाव मांडून खिदळायला लागलं की पाच मिनिटांत परत येतो. झब्बूत जिंकणारा नसतोच, शेवटी पानं हातात राहतील तो हरलेला. त्यामुळे सगळे मिळून एकाला झब्बू देत सुटतात आणि रुसलेल्याचाही राग निघतो. तिसरी गोष्ट, पान असून न देणं, लहानांकडून बहुधा चुकून होते. रंग हातात वेगवेगळे लावून घ्यायची सवय नसते. लाल आणि काळे एकाआड एक लावायला शिकवावं, म्हणजे बदाम आणि चौकट एकमेकांत मिसळत नाहीत. आजोबांकडून तेच झालं तर ते चुकून झालंय की नाही याबद्दल घरात दोन मतं असतात.

फोनवरच्या पत्त्यांत ही चूक होऊच शकत नाही. चुकीचं पान टाकायला गेलं तर ते हलतच नाही. म्हणून तो खेळ बेचव. पकडता येईल अशी चूक नसली तर ‘थांबा! मघाशी तुमच्याकडे किलवर नव्हतं ना?’ हे वाक्य कोणी कधी म्हणायचं?

लावायचं काय, तर चिंचोके. लहान मुलांना प्रत्येकी पंचवीस द्यावेत, संपले की उसने. उधारी वहीत लिहावी. मोठ्यांच्या कट्ट्यावरही पैशांपेक्षा चहा बरा. सार्वजनिक बागेत पैसे लावून बसलं तर आडवा येणारा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे, म्हणजे कट्ट्यावरच्या सगळ्यांपेक्षा म्हातारा, आणि अजून चालता-बोलता.

कट्ट्यावरच्या पत्त्यांचं मूळ पुष्कळदा रेल्वेत असतं. लोकलच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकायची आणि उतरायचं स्टेशन येईपर्यंत डाव संपवायचा, किंवा १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनमध्ये पासवाल्यांनी घाट उतरता उतरता कोट लावायचा. अशा जोड्या निवृत्तीनंतरही टिकतात, आडनावांपलीकडे एकमेकांची फारशी माहिती नसताना टिकतात. पत्त्यांतली मैत्री कमी बोलते हा तिचा मोठा गुण. कोणाला साखरेचा आकडा विचारावा लागत नाही, मुलगा काय करतो हे ऐकावं लागत नाही. एखाद्याची स्मरणशक्ती ढळायला लागली तर ते घरच्यांच्या आधी भिडूला कळतं. कोणती दश्शी गेली हे जो कधी विसरला नाही तो दोनदा विचारतो, आणि मग भिडू न विचारताच सांगायला लागतो. हे नियमात बसत नाही, पण समोरची जोडी हरकत घेत नाही.

कट्ट्यासाठी दोन गड्ड्या ठेवाव्यात, वेगळ्या रंगाच्या पाठीच्या; एक वाटताना दुसरी पिसून होते. वाऱ्यासाठी चार गुळगुळीत दगड. आणि वेळ ठरवू नये, डाव ठरवावेत; ‘साडेसहापर्यंत’ म्हटलं की शेवटचा डाव कधीच शेवटचा नसतो. चौघांतला एक मुलाकडे बंगळुरूला गेला की मेंढीकोटाचं पाच-तीन-दोन होतं. दोघंच उरले तर तेरा पानांची रमी. कट्टा बंद पडायला एकच माणूस उरावा लागतो.

तिघांच्या खेळात आपल्याकडे आणखी एक थोर प्रकार आहे, नातवंडांना एकदा दाखवावा असा: सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफेत पानं गोल, हाताने रंगवलेली, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा, एकूण १२०, तिघांत चाळीस-चाळीस. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाचा. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही पानं रंगवताना बघायला मिळतात. भोसले घराण्याने, विशेषतः शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी, ही कला जिवंत ठेवली. चाळीस गोल पानं एका हातात कशी धरायची, हा प्रश्न पोरं तिथे विचारतातच. सरावाने, एवढंच उत्तर आहे.

सुट्टी संपली की, किंवा नातवंडं मुळातच परदेशात असली की, व्हिडिओ कॉलवर खेळायची वेळ येते. गुलामचोर जमत नाही, कारण पान ओढता येत नाही. उलटी पानं टाकून थापा मारायचा चॅलेंजही नाही. भिकार-सावकार मात्र मजेत होतो: दोघांकडे आपापली अख्खी गड्डी, आळीपाळीने एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरायचं. आधीच्या पानाशी आकडा जुळला की तोवर जितकी पानं दिसली तितके गुण, आणि पुढची मोजणी पुन्हा शून्यापासून. पानं इकडून तिकडे पाठवायची गरज नाही. वेळ शनिवारची बरी. पुण्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे अकरा आणि सिएटलमध्ये आठ. फोन वाटीला टेकवून कॅमेरा पानांवर धरावा, आपल्या कपाळावर नाही. आणि कॉल मध्येच तुटला तर गुण तिथल्या तिथे गोठतात, हे पहिल्या पानाआधी ठरवून घ्यावं. नाहीतर हरायला आलं की नेमकं सिएटलचं वायफाय जातं. कधीकधी पुण्याचंही.